मुरडा, कुरकूर आणि गाऱ्हाणे

मराठी माणसाची इंग्रजी भाषेशी पहिली ओळख शाळेत होते असा जो समज आहे, तो सर्वस्वी खरा नाही. कारण मुळाक्षरे गिरवण्याच्या कितीतरी आधी, पाळण्यात हातपाय झाडीत आकांत मांडण्याच्या वयातच, ग्राइप वॉटर नावाचा गोडसर, शेपेच्या वासाचा द्रव चमच्याने त्याच्या घशाखाली उतरवलेला असतो, आणि त्या नावातला पहिला शब्द अस्सल परदेशी असूनही आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांच्या तोंडी तो इतका रुळलेला असतो की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरज कोणालाही वाटत नाही. कित्येकांच्या मते ते द्राक्षांचे पाणी असते. पुढे तेच बाळ मोठे होऊन इंग्रजी वृत्तपत्र वाचू लागते, आणि प्रवाशांचा 'ग्राइप' अमुक आहे, कामगारांचा तमुक आहे, असे मथळे त्याच्या नजरेस पडू लागतात, तेव्हा मात्र थोडा चौकस असल्यास त्याला प्रश्न पडतो की बाळाच्या पोटातील कळ आणि थोरांच्या तोंडातील कुरकूर या दोन गोष्टींना इंग्रजांनी एकच नाव का द्यावे? हा प्रश्न मला नेहमीच मनोरंजक वाटत आला आहे. कारण त्याचा माग काढीत गेले म्हणजे केवळ एका शब्दाचा नव्हे, तर तक्रार करणे या सनातन मानवी व्यवहाराचा स्वभाव उलगडत जातो.

या शब्दाचा उगम पोटात नाही, मुठीत आहे. जुन्या इंग्रजीतील ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचा अर्थ घट्ट धरणे, आवळणे, झडप घालून पकडणे असा होता. पकड या अर्थाचा 'ग्रिप' हा आपल्या परिचयाचा शब्द त्याच घराण्यातला. शेक्सपिअरच्या मॅकबेथला जेव्हा आपल्या हाती आलेला राजदंड वांझ आहे, आपल्यामागून आपल्या वंशाच्या हाती तो राहणार नाही, ही खंत बोलून दाखवावयाची असते, तेव्हा राजदंड धरणाऱ्या त्या मुठीसाठी त्याच्या तोंडी हाच शब्द येतो. पुढे कोणीतरी आतडी मुठीत धरून पिळून काढीत आहे असे वाटायला लावणाऱ्या वेदनेला लोक याच नावाने ओळखू लागले, आणि मूठ अशा रीतीने पोटात शिरली. इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने 1851 साली तान्ह्या मुलांच्या या व्यथेवर आपले प्रसिद्ध पाणी काढले, आणि त्याच्या बोधचिन्हावर पाळण्यातच दोन साप आवळून मारणारा ग्रीक पुराणातील बाल हर्क्युलीस विराजमान झाला. आपल्याकडील एखाद्या आजीने त्याला बाळकृष्ण व सापांना कालियाचे भाऊबंद मानले असेल तर नवल नाही. पण पोटाला आवळणाऱ्या अदृश्य मुठीवर तोडगा म्हणून सापांना आवळणाऱ्या दृश्य मुठी त्या बाटलीवर याव्यात, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

तिसरे स्थित्यंतर अमेरिकेत घडले. पोटदुखी या अर्थाच्या 'बेलीएक' या शब्दाचे क्रियापद करून रडगाणे गाणाऱ्याला ते लावण्याची चाल तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पडली होती. त्याच मळलेल्या वाटेने 1930 च्या दशकात 'ग्राइप' हा शब्दही पोटातून तोंडात आला आणि क्षुल्लक, खासगी, बहुधा निष्फळ अशा धुसफुशीचे नाव होऊन बसला. मूठ, कळ आणि कुरकूर असा हा प्रवास आहे, आणि त्यातील प्रत्येक पायरीवर धरून ठेवण्याचा मूळ अर्थ सुटलेला नाही. आधी हात वस्तूला धरतो, मग वेदना आतड्याला धरते, आणि शेवटी माणूस आपल्या लहानशा दुःखाला इतके घट्ट धरून बसतो की ते सोडवायला कोणी आला तरी त्याला तो आपला वैरी वाटावा.

आपल्या भाषेनेही पोट आणि कुरबूर यांचा संबंध फार पूर्वीच हेरला आहे, फक्त तिची वाट निराळी आहे. पोटात पिळवटून येणाऱ्या कळेला आपण मुरडा म्हणतो, आणि न आवडलेल्या गोष्टीविषयीची नापसंती चेहऱ्यावर दाखविणाऱ्याला आपण नाक मुरडणारा म्हणतो. पिळा तोच, केवळ पोटातून नाकावर आलेला. ज्या घरात अजून बाळगुटी उगाळली जाते, तेथे सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ यांच्या रांगेत मुरुडशेंग हमखास दिसते. दोरीला पीळ द्यावा तशी अंगभर वळलेली ही शेंग पाण्याच्या थेंबात धरून मोजके वेढे उगाळायची असते, आणि उगाळणारी आजी बाळाच्या आईला बजावीत असते, "अगं, दोनच वेढे दे, जास्त नको." ज्या शेंगेच्या अंगात पीळ तिनेच पोटाचा पीळ सोडवावा, ही लोकवैद्यकाची श्रद्धा खरी असो वा नसो, पण भाषेच्या दृष्टीने तिच्यात एक सुसंगती आहे. मात्र एका बाबतीत मराठी आणि इंग्रजी यांचे मार्ग स्पष्टपणे फुटतात. इंग्रजाचे पोट स्वतःच्या गैरसोयीने दुखते. आपल्या वाक्प्रचारातले पोट दुसऱ्याच्या उत्कर्षाने दुखते, आणि पोटशूळ उठला असे आपण म्हणतो तेव्हा शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी राहिलेली असते. या दोन पोटदुखींची गल्लत आपल्या सार्वजनिक जीवनात वारंवार होते, ज्याला खरोखर काही सलते आहे त्याला, "तुझ्या पोटात का दुखते?" असा प्रश्न टाकून एका क्षणात मत्सरी ठरविता येते, आणि मग त्याचे म्हणणे खरे की खोटे हे तपासण्याचे कामच उरत नाही.

इंग्रजीत तक्रारींचीही एक उतरंड आहे. 'ग्रीव्हन्स' हा शब्द जडपणा सुचविणाऱ्या लॅटिन शब्दातून आला असून तो आपल्या 'गुरु' या शब्दाचा दूरचा आप्त आहे. ज्याच्या खाली माणूस दबून जातो असा अन्याय त्यात अभिप्रेत असतो. अमेरिकन वसाहतींनी 1776 साली आपला जाहीरनामा काढला तेव्हा इंग्लंडच्या राजाविरुद्ध त्यांनी जी लांबलचक यादी मांडली ती अशा भारी दुःखांची होती, आणि पुढे 1791 साली त्यांच्या घटनेला जी पहिली दुरुस्ती जोडली गेली, तिने या दुःखांचे निवारण सरकारकडे मागण्याचा नागरिकाचा अधिकार शब्दबद्ध केला. 'ग्राइप'ला असे कोणतेही घटनात्मक संरक्षण नाही, आणि त्याची त्याला गरजही नाही. तो चहाच्या टपरीवर, आगगाडीच्या डब्यात, कचेरीच्या व्हरांड्यात स्वयंभूपणे नांदतो. आपल्याकडे ही उतरंड दप्तरी भाषेने घडविली. कुरकूर ही घरगुती. गाऱ्हाणे हे वडीलधाऱ्यापुढे किंवा देवापुढे घालावयाचे. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी फोडलेली किंकाळी, पण न्यायाधीशापुढे नोंदवलेली. आणि दाद म्हणजे तर फारसीत साक्षात न्याय, जो आपण मागतो, आणि गवयाच्या तानेला खुशीने देतोही. तक्रार या शब्दाची गोष्ट सर्वांत मार्मिक आहे. अरबीत त्याचा अर्थ नुसता पुनरुक्ती असा आहे. फारसी-उर्दूत येईतो त्याला वादाचा, हुज्जतीचा रंग चढला, आणि मराठीत तो आजच्या अर्थी स्थिरावला. तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहणे हा तक्रारीचा स्थायीभाव असल्याची कबुली आपण रोज नकळत देत असतो.

तेव्हा क्षुल्लक कुरकूर ही सर्वथा त्याज्य आहे काय? मला तसे वाटत नाही, आणि याला आधार रणांगणावरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी निघणाऱ्या 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या वृत्तपत्रात 'बी बॅग' नावाचे एक सदर असे, आणि त्यात शिपायांनी आपल्या मनातली धुसफूस, वरिष्ठांची भीड न ठेवता, ओकून टाकावी अशी योजना होती. त्याच पत्रात बिल मॉल्डिन हा तरुण शिपाई व्यंगचित्रे काढी. त्याचे विली आणि जो हे दोन पायदळी सैनिक दाढी वाढलेले, चिखलाने माखलेले, थकलेले आणि सदैव कुरकुरणारे असत. शिस्तीचा भोक्ता असलेल्या जनरल पॅटनला हा प्रकार सैन्याच्या इभ्रतीला धक्का देणारा वाटला, आणि 1945 च्या आरंभी त्याने मॉल्डिनला समक्ष बोलावून त्याची चांगली हजेरी घेतली. पण सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाचा कौल चित्रकाराच्या बाजूचा होता, आणि विली व जो यांची दाढी शेवटपर्यंत वाढलेलीच राहिली. त्याच वर्षी, वयाच्या 23 व्या वर्षी, मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ओल्या मोज्यांविषयी आणि थंड जेवणाविषयी कुरकुरणारा शिपाई लढत राहतो, आणि ज्याची कुरकूर एकाएकी बंद पडते त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते, हे अनुभवी सेनानींना कळत असावे. हाच न्याय कुटुंबाला आणि कचेरीलाही लागू पडतो. जेथे भाजीत मीठ कमी असल्याचे मोकळेपणी सांगता येते, त्या घरात मोठी भांडणे सहसा होत नाहीत.

परंतु कुरकुरीला एक व्यसनही जडते, आणि ते समजण्यासाठी समुद्रावर गेले पाहिजे. शिडाचे जहाज सुकाणू जरा सैल सोडताच आपली नाळ पुन्हा पुन्हा वाऱ्याच्या दिशेकडे वळवू लागले, म्हणजे ते 'ग्राइप' करते असे इंग्रज खलाशी म्हणत. अशा जहाजावर सुकाणूवाल्याचे सारे बळ पुढे जाण्याऐवजी त्याला वाऱ्यावरून परतविण्यातच खर्ची पडते. आमच्या वाड्यात, ज्यांना सगळे नाना म्हणत असे एक निवृत्त अव्वल कारकून राहत, त्यांची प्रकृती काहीशी याच धाटणीची होती. नगरपालिकेच्या नळाला पहाटे पाणी आले तर झोपमोड केल्याबद्दल, उशिरा आले तर स्नानसंध्येचा खोळंबा केल्याबद्दल, आणि मुळीच आले नाही तर कर वसूल केल्याबद्दल नानांचे व्याख्यान ओट्यावर सुरू होई. घरातून आवाज येई, "अहो, एकदा लिहून का देत नाही तुम्ही त्यांना?" यावर नानांचे ठरलेले उत्तर असे, "लिहून काय व्हायचंय? आपलं ऐकतंय कोण?" ज्या गृहस्थाने सारी हयात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात घालविली होती, त्याला स्वतः अर्ज करण्यात कमीपणा वाटावा, की अर्जांचे पुढे काय होते याची पक्की माहिती असल्यामुळे त्याची श्रद्धाच उडालेली असावी, हे कोडे मला अद्याप उलगडलेले नाही.

शेवटी अर्ज केला तो मागच्या खणातील काकूंनी, आणि त्यांचे शिक्षण चार बुके एवढेच होते. रेघी वहीतला कागद, वर डाव्या कोपऱ्यात अर्जदाराचे नाव, मग "मा. मुख्याधिकारी साहेब यांसी", खाली विषय, आणि मजकुरात इतकेच की आडाशेजारच्या नळाला अमुक तारखेपासून पाणी चढत नाही, त्यावर अमुक इतकी बिऱ्हाडे अवलंबून आहेत, तरी माणूस पाठवून पाहणी व्हावी. नगरपालिका किती नालायक आहे, कर कोण खातो, पूर्वी साहेबांच्या राज्यात कसे होते, यांपैकी एक अक्षर त्यात नव्हते. काकू तो कागद घेऊन स्वतः गेल्या, आवक बारनिशीत त्याची नोंद होऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख पडेपर्यंत खिडकीपुढून हलल्या नाहीत, आणि काही दिवसांनी पाना घेतलेला माणूस येऊन झडप दुरुस्त करून गेला. नाना दुसऱ्या दिवशी ओट्यावर म्हणाले, "आता पाण्याला इतका जोर आहे की बादली भरेभरेतो निम्मे सांडते."

नाना आणि काकू यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यातच माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म आहे. दोघांची कळ एकच होती. पण नानांच्या कळेला पत्ता नव्हता, काकूंच्या कळेला होता. आपल्या पूर्वजांनी हे फार थोडक्यात सांगून ठेवले आहे: ज्याच्या पोटात दुखेल तो ओवा मागेल. पोटात दुखते हे सांगणे ही अर्धीच म्हण आहे. ओवा मागणे हा तिचा उत्तरार्ध आहे, आणि बहुतेक कुरकुरणारे पूर्वार्धापाशीच मुक्काम करतात. पोटातली कळ अर्जापर्यंत कशी पोहोचते, याचे अगदी शब्दशः उदाहरण दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. अखिल चंद्र सेन नावाच्या बंगाली गृहस्थांनी 1909 साली साहिबगंजच्या रेल्वे कचेरीस मोडक्या इंग्रजीत एक पत्र लिहिले. फणसाने पोट फुगल्यामुळे ते अहमदपूर स्थानकावर उतरून आडोशाला गेले, तोच गार्डाने शिटी फुंकली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत धावताना ते फलाटावर पडले, आणि स्त्रीपुरुषांदेखत त्यांची अब्रू गेली. पत्राला आज आपण हसतो, पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे: काय घडले, कोणामुळे घडले, त्या गार्डाला जबर दंड व्हावा, आणि न झाल्यास वर्तमानपत्रांत बोभाटा करीन. खालच्या वर्गाच्या डब्यांत पुढे शौचकूपाची जी सोय झाली तिचे श्रेय लोक या पत्राला देतात. अखिलबाबूंनी ओवा मागितला होता.

एकट्याच्या कळेचे समाजाच्या गाऱ्हाण्यात रूपांतर करण्याची विद्या महाराष्ट्राने तर शास्त्रासारखी जोपासली. पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांत कुजबूज होती. त्या कुजबुजीला बैठक देण्याच्या खटपटीतून 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान 50 माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे असा नियम गणेश वासुदेव जोशी प्रभृतींनी घातला. म्हणजे आपली कळ बोलून दाखविण्यापूर्वी ती आणखी पन्नास जणांच्या पोटात आहे, हे सिद्ध करावयाचे. देवस्थानच्या हिशेबापासून निघालेली हीच सभा 1875 साली थेट इंग्लंडच्या पार्लमेंटकडे हिंदुस्थानला प्रतिनिधित्व द्यावे असा अर्ज धाडते, तेव्हा कुरकूर किती दूरवर चालत जाऊ शकते याची कल्पना येते.

आणि ही विद्या शिकण्यासाठी इंग्रजी शिकावे लागत होते असेही नाही. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची जी रीत आहे, ती ज्याने ऐकली असेल त्याला हे पटेल. देवापुढे नारळ-विडा ठेवलेला असतो, गावचे मानकरी आणि रयत मागे उभी असते, आणि जाणता गुरव किंवा गावकार खड्या आवाजात देवाला हाक मारून सुरुवात करतो. आधी देवाचा, सीमेवरल्या देवचारांचा, गावच्या साऱ्या स्थळांचा नावानिशी उल्लेख. मग लेकरांच्या हातून काही चुकले असेल त्याची माफी. मग कोणावर कसले संकट आहे ते स्वच्छ सांगणे. आणि अखेर ते दूर कर, पीकपाण्याला यश दे, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांना सुखरूप ठेव, ही मागणी. प्रत्येक वाक्य संपताच मागचा समुदाय एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. या एका शब्दजोडीत पन्नास सह्यांच्या मुखत्यारपत्राचे सारे बळ आहे. कुरकुरीला साक्षीदार नको असतात, गाऱ्हाण्याला ते हवेच असतात. विठ्ठलाशी हक्काने भांडणारे आपले संतही त्याच जातीचे. त्यांच्या रागाला देवाचे नाव आणि गाव ठाऊक होते.

आता ऐकणाऱ्याविषयी दोन शब्द, कारण सारा दोष कुरकुरणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. वुडवर्डच्या मूळ इंग्लिश कृतीत शेपेचे तेल, सोडा आणि साखर यांच्या जोडीला थोडे मद्यार्कही असे, आणि इंग्लंडात ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत टिकून होते. तेव्हा चमचा घेतल्यावर बाळ गप्प झाले ते पोट निवल्यामुळे की डोळ्यांवर गुंगी आल्यामुळे, हे सांगणे कठीणच होते. आमच्या कचेऱ्यांतून मिळणारी उत्तरे मला पुष्कळदा या चमच्यासारखी वाटतात. "आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे" या वाक्यात साखर आहे, गुंगी आहे, फक्त औषध नाही. महाराष्ट्रात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत लोकशाही दिन भरतो, लोकायुक्तांचा कायदा 1971 सालीच झाला, एस. टी.च्या स्थानकापासून उपाहारगृहापर्यंत तक्रार पुस्तक मिळेल अशा पाट्या आहेत. साधनांचा तुटवडा नाही. पण रडणे थांबले म्हणजे कळ थांबली, असा हिशेब ज्या कारभारात रूढ होतो, तेथे रयतेचे नाना होतात. आणि एकदा रयतेचे नाना झाले की तिची खरी किंकाळीही कारभाऱ्यांना नेहमीची किरकिर वाटू लागते.

म्हणून माझे वाचकांस एवढेच सांगणे आहे की कुरकुरायचे तर घरच्या माणसांत मनसोक्त कुरकुरावे, त्याची लाज बाळगू नये. पण जी कळ दुसऱ्या आठवड्यातही राहील तिला कागदावर उतरवावे, कोणाकडे, कशाबद्दल आणि काय हवे या तीन गोष्टी चार ओळींत लिहाव्यात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का पडल्याखेरीज खिडकीपुढून हलू नये.